वजनदार वाचक

आमच्या नागपूरच्या धरमपेठेत पुस्तकाचं मोल इंचपट्टीनं ठरतं. इतिहासाचं जाडजूड हवं, म्हणजे शोकेस भरून दिसते. धर्माचं लाल कापडात बांधता यावं, म्हणजे उघडायचा प्रश्नच मिटतो. संगीतावरचं गुळगुळीत कागदाचं, तंबोऱ्याच्या फोटोसकट. आणि समाजावरचं? ते दुसऱ्यांनी वाचावं, असं आमचं प्रांजळ मत. मग सोफ्यावर बसून हळहळायचं, ‘वाचनसंस्कृती मेली हो!’

मेली असेल बाप्पा. पण दरवर्षी दसऱ्याला तिचं भूत दीक्षाभूमीवर हिंडताना दिसतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला, दसऱ्याच्याच दिवशी, बाबासाहेब आंबेडकरांनी तिथं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या आठवणीत दरवर्षी लाखो लोक येतात, आणि परतताना पिशवीत पुस्तकं असतात. एकीकडे वामनदादा कर्डकांची गाणी वाजत असतात, दुसरीकडे रात्रभर जनरल डब्यात उभी राहून आलेली बाई बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ची पानं उलटत विचारते, ‘अक्षर मोठं आहे ना? नातवाले वाचाले पाहिजे.’ जाडी कोणी मोजत नाही. पिशवीला बंद तेवढा भक्कम हवा.

आम्हाला या ग्रंथसोहळ्याची खबर असते, नाही असं नाही. त्या दिवशी तिकडची वाहतूक वळवलेली असते.