उष्टा वारा

मोटरसायकलला पुढे काच बसवली की वारा लागत नाही, असा एक भाबडा समज आहे. दुकानदार तो खोडून काढत नाही, कारण त्याचं पोट त्यावर आहे. पण वारा काही दार बंद दिसलं म्हणून निमूट परत जाणाऱ्यातला नव्हे. तो काचेवर आदळतो, वर चढतो आणि काठावरून सुटताना बिथरतो. काचेच्या मागे हवेचा दाब कमी झालेला असतो, तिकडे तो गरगरत ओढला जातो. हे भोवरे नेमके हेल्मेटच्या उंचीवर येऊन फुटतात. काच नसताना वारा छातीवर सरळ रेटायचा. काच आल्यावर छाती सुखावते आणि डोकं मार खातं.

मार तरी कसला? साताऱ्याहून कराडकडे निघावं, रस्ता मोकळा मिळावा, काटा ऐंशीच्या आसपास टेकावा, आणि कोणीतरी हेल्मेटला दोन्ही बाजूंनी टपल्या मारायला सुरुवात करावी. जोरात नाही, पण थांबतही नाही. नजर थरथरते, पाटीवरची अक्षरं हलतात, कानात सतत घरघर. वेग चाळीसचा ऐंशी केला की वाऱ्याचा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो, हे शाळेत शिकवलेलं असतं. मानेला ते उंब्रजच्या आसपास समजतं.

या वाऱ्याला मी उष्टा वारा म्हणतो. समोरून येणारा कोरा वारा दांडगा असला तरी सरळ असतो, त्याच्याशी जमवून घेता येतं. काचेनं उष्टावलेला वारा क्षणात इकडून, क्षणात तिकडून. भोवऱ्यांचा हा स्वभाव जुनाच. वाऱ्यात तारा गुणगुणतात त्या मागे सुटणाऱ्या भोवऱ्यांमुळेच, आणि अशा भोवऱ्यांच्या रांगेचं गणित थिओडोर फॉन कारमन यांनी जर्मनीत १९११-१२ साली मांडलं. आता आमच्या डोक्याला त्या गणिताचा काय उपयोग, हे मात्र विचारू नका.

सल्ला देणारे भरपूर असतात. चहाच्या टपरीवर गाडी उभी केली की दोन पंथ भेटतात. एक म्हणतो, उंच काच लाव. दुसरा म्हणतो, कापून बुटकी कर. पंचाईत अशी, की दोघंही बरोबर असतात. बुटकी काच वाऱ्याला छातीशी वळवते आणि डोकं कोऱ्या वाऱ्यात राहतं. उंच काच त्याला डोक्यावरून पलीकडे धाडते. मधल्या उंचीची काच मात्र बिथरलेला वारा थेट कपाळावर आणून सोडते. एरवी आपण मराठी माणसं मध्यममार्गाचे फार भोक्ते. कपड्यांत, राजकारणात, मिसळीच्या तिखटात. काच घेतानाही हात आपसूक मधल्या मापाकडे जातो, आणि नेमकं तिथंच डोकं सापडतं.

आपण कुठल्या पंथाचे, हे कळण्याची एक युक्ती आहे. रस्ता सरळ आणि रिकामा असताना फुटरेस्टवर किंचित उभं राहायचं. घरघर एकदम थांबून सरळ वारा लागला, तर काच आणखी बुटकी चालेल. उलट, मान थोडी खाली घातल्यावर शांत झालं, तर उंच हवी. पण उंचीलाही मर्यादा आहे. काचेचा वरचा काठ साधारण नाकाच्या रेषेत असावा, म्हणजे नजर काचेवरून जाते. काचेतून बघायची वेळ आली, तर पावसात खंडाळ्याच्या घाटात तिला वायपर नसतो, आणि रात्री चरे पडलेल्या अ‍ॅक्रिलिकवर समोरच्या ट्रकचे दिवे असे काही पसरतात की रस्ता अंदाजानेच ओळखावा लागतो.

नाना पेठेतल्या एका मिस्त्रीनं तिसराच मार्ग काढला. त्यानं काचेचे खालचे स्क्रू ढिले केले, मध्ये रबराचे जाड वायसर सरकवले आणि हेडलाइटच्या वर दोन बोटं फट ठेवली. "खालनं थोडा वारा येऊ द्या साहेब, मग वरचा आत घुसत नाही." शास्त्र त्याच्या बाजूनं आहे. फटीतून हवा आली की मागचा दाब सावरतो आणि वरून येणाऱ्या वाऱ्याला आत ओढायला कोणी उरत नाही. फक्त वारा अडवायला एकदा पैसे मोजले आणि तो आत सोडायला पुन्हा मोजले, हा हिशेब घरी समजावणं जड जातं.

मोठ्या कंपन्यांनाही हे प्रकरण सहज सुटलेलं नाही. बीएमडब्ल्यूनं १९७६ साली 'आर १०० आरएस' बाजारात आणली, तेव्हा तिचं पुढचं कवच इटलीत पिनिनफारिनाच्या विंड टनेलमध्ये गाडी ठेवून घडवलं होतं. वाऱ्याला तिथे शिस्त लावता येते. पण गाडी विकत घेणारा कोणी पाच फूट तीन, कोणी सहा फूट, एकाच्या हेल्मेटला पुढे चोच, दुसऱ्याच्या जॅकेटची कॉलर फडफडणारी. बोगद्यातली शिस्त पाचवडच्या पुलावर आडव्या वाऱ्यात किती टिकणार?

शेवटी जाणती मंडळी कानात फोमचे बोळे घालतात, काच अंशाअंशानं मागेपुढे कलवतात आणि जमलं असं म्हणतात. पुढे बसणाऱ्याचं जमतंही. मागे बसणारीचं आसन उंच असतं, त्यामुळे पुढच्याच्या खांद्यांवरून निसटलेला उरलासुरला वारा तिच्या वाट्याला येतो. तिच्यासाठी अजून कोणी काच काढलेली नाही. आमच्याकडे परवा कोल्हापूरचा बेत ठरत होता. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन फटीचं माप पुन्हा बघत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला, "तू कर तुझं निवांत. मी एसटीचं तिकीट काढलंय, खिडकीजवळचं."