कुंपणावरचा पैलवान

अहो वहिनी, ऐकलंत का? काल तलावाच्या पाळीवर काय गंमत झाली! तो रिसॉर्टवर उतरलेला दुर्बीणवाला पोरगा नाही का, त्यानं शिंगाड्याच्या वेलांतला कमळपक्षी दाखवला. लांबलचक शेपूट, मानेमागे सोनेरी पट्टा, आणि बोटं एवढी लांब की पानावरून चालला तरी बुडत नाही. आमचे हे कौतुकानं म्हणाले, "बघा, माउली कशी बसलीय अंड्यांवर!" पोरगा हसला. "काका, तो बाप आहे."

मग काय विचारता! बाई नवऱ्यापेक्षा थोराड. चार अंडी घालते, त्याच्या हवाली करते आणि चालली दुसऱ्याकडे. एका सीझनमध्ये दहा-दहा वेळा अंडी घालते म्हणे! हा बिचारा जवळजवळ 26 दिवस उबवत बसतो. पाणी चढलं, तर अंडी चोच नि छातीमध्ये धरून हलवतो. पाळीवरच्या पुरुषांचे चेहरे बघायला हवे होते... आणि आमच्या मास्तरीणबाई तर इतक्या गोड हसल्या की...

तर काय सांगत होते, तेवढ्यात शेजारच्या काटेरी कुंपणावर सरडा! डोकं-गळा लालभडक, आणि जोर मारतोय, वर-खाली, वर-खाली. भाऊजींना हुरूप आला. "हा खरा मर्द!" पोरगा म्हणाला, साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर याचा एक भाऊबंद आहे, गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा उघडून मादीपुढे मिरवतो. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी नाव ठेवलं, सरडा सुपर्बा. सुपर्बा हो! आमच्याकडे तीस वर्षांत कुणी कुणाला सुपर्बा म्हटलं नाही.

मास्तरीणबाईंनी विचारलंच, "आणि अंड्यांचं काय करतो हा मर्द?" काहीच नाही! भाऊजी खाली बघायला लागले. बायका अशा खूश झाल्या म्हणता... मी तर ह्यांना कोपरानं ढोसलंच.

पण सासूबाई गप्प बसतील तर ना. "आणि सरड्याची बायको रे?" पोरगा चाचरला. ती मऊ मातीत खड्डा करते, दहा-वीस अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. पिल्लं दीड-एक महिन्यानं आपली आपण बाहेर येतात.

आता चेहरे पडायची पाळी आमची. भाऊजी मिशीतल्या मिशीत हसले आणि मास्तरीणबाई एकदम म्हणाल्या, "चला, ऊन फार झालं." ऊन कसलं हो, श्रावणातलं आभाळ भरून आलेलं!