पाय पोचले पाहिजेत

आल्प्समध्ये मोटारसायकल चालवायला जायचं ठरलं, तेव्हा आमच्या सोसायटीत ‘कधी जाताय?’ असं कुणीही विचारलं नाही. ‘कुठली घेणार?’ एवढाच प्रश्न, आणि तोही माझ्या नवऱ्याला. गाडी मी चालवणार होते. नवऱ्याच्या लायसन्सवर फक्त बिनगिअरची दुचाकी आहे. पण लोक इतक्या आत्मीयतेने त्याला टॉर्क समजावून सांगत होते, की मध्येच हे सांगणं त्याच्या जिवावर आलं असावं. तो नुसता मान डोलावत राहिला आणि घरी येऊन एक्सेलमध्ये तक्ता करायला बसला.

तक्त्यात पहिलं नाव बीएमडब्ल्यूच्या जीएसचं. ‘आल्प्स म्हणजे जीएस’ हा निकाल दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी परस्पर देऊन टाकला होता. काका बुलेटवर लडाख करून आलेले, त्यामुळे सात हजार फुटांच्या पुढच्या कुठल्याही विषयावर त्यांचा शब्द शेवटचा. मी शोरूममध्ये जाऊन आले. आर १३०० जीएस : ताकद १४५ अश्वशक्तीची, वजन २३७ किलो, सीटची उंची ८५० मिलिमीटर. माझी उंची पाच फूट दोन इंच. बसले म्हणणं बरोबर होणार नाही, मी चढले. डावा अंगठा फरशीला लागला तेव्हा उजवा पाय रिकामटेकडा लोंबत होता. शोरूममधल्या मुलाने दोन्ही हातांनी गाडी सावरून धरली आणि म्हणाला, ‘मॅडम, एकदा चालायला लागली ना, की वजन जाणवतच नाही.’

खरं आहे. पण चालायला लागलेली गाडी कधी ना कधी थांबते, आणि त्या वेळी तो मुलगा तिथे नसतो.

आम्हाला जायचं होतं ऑस्ट्रियातल्या ग्रोसग्लॉकनरच्या रस्त्याने. १९३५ साली खुला झालेला हा घाट, लांबी ४८ किलोमीटर, ३६ वळणं, आणि होखटोर इथे तो २,५०४ मीटरपर्यंत चढतो. वळणांना नंबर दिलेले आहेत, म्हणजे आपण नेमके कुठे पडलो ते घरी व्यवस्थित कळवता येतं. आपल्याकडे हायवेवर दुचाकीला टोल नाही, तिथे आहे आणि चांगला घसघशीत आहे. त्याहून मोठी पंचाईत म्हणजे तिथे वाहतूक उजवीकडून. वरंध आणि ताम्हिणी करून हाताला जी काही सवय लागली असेल, ती आरशात बघावी तशी उलटी करून घ्यायची.

चढावरचं उजवं वळण घ्या. उजवीकडून चालायचं म्हणजे वळणाची आतली, सगळ्यात आखूड आणि सगळ्यात खडी बाजू तुमच्या वाट्याला. पहिल्या गिअरमध्ये रांगत निघालात आणि समोरून टुरिस्ट बस आली, तिला वळायला सगळा रस्ता हवा. तुम्ही थांबता. गाडी आतल्या बाजूला कलते, आणि रस्ता तिकडेच उतरता असल्यामुळे जमीन नेहमीपेक्षा चार बोटं खाली गेलेली असते. उजवा पाय टेकवावा तर मागचा ब्रेक सुटतो, ब्रेक दाबून ठेवावा तर टेकवायला पाय उरत नाही. या घटकेला १४५ घोडे काय कामाचे? ते सगळे तुमच्यासकट आडवे होतात. तेव्हा डोंगरासाठी मोटारसायकल निवडायची ती धावण्यासाठी नाही, थांबण्यासाठी, हे माझं मत. काकांना ते बायकी वाटलं.

भाड्याने गाडी देणाऱ्या गृहस्थांना वाटलं नाही. त्यांनी मेलमध्ये पहिला प्रश्न केला तो उंचीचा नव्हे, पायाच्या आतल्या मापाचा. हे माप घ्यायची रीत अशी : अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमध्ये वरपर्यंत घट्ट धरायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. नवऱ्याने कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक ओढलं. देवघरातून सासूबाईंचा आवाज आला, ‘अरे, ज्ञानेश्वरी ठेव आधी खाली!’ शेवटी मामंजींच्या आयकराच्या फायलीवर भागलं. बहात्तर सेंटिमीटर. टेप पुन्हा लावून पाहिला, तरी तेवढेच.

या बहात्तरात बसणाऱ्या गाड्यांची यादी छोटी होती. सीटची उंची म्हणजेच सगळं असंही नाही. सीट पुढच्या बाजूला अरुंद असेल तर पाय सरळ खाली उतरतात. रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि कागदावरची बुटकी गाडीही उंच होते. शिवाय आपण बसलो की स्प्रिंगा थोड्या दबतात. हे सगळं जमेस धरून त्या गृहस्थांनी नाव सुचवलं : केटीएम ३९० ड्यूक. सीट ८२० मिलिमीटर, वजन पावणेदोनशे किलोच्या आत, ताकद पंचेचाळीसच्या आसपास.

नवऱ्याने तक्ता मिटला. ‘अगं, ही चाकणला बनते.’

बनतेच. कंपनी ऑस्ट्रियाची, गाव माटिगहोफेन, पण २००७ पासून बजाजचा तिच्यात हिस्सा आहे आणि ही लहान केटीएम चाकणच्या कारखान्यातून जगभर जाते. म्हणजे व्हिसा काढून, विमानाने जाऊन, युरो मोजून आम्ही घरापासून तासाभरावर तयार झालेली गाडी भाड्याने घेणार. काकांनी हे ऐकलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ताकदीचा मुद्दा निघाला. उंचीवर हवा विरळ होते, दर हजार मीटरला इंजिनची साधारण दहा टक्के ताकद जाते. जाऊ दे. त्या वळणांवर ताशी वीसने जायला उरलेली पुरून उरते.

मागच्या सीटचा प्रश्नही परस्पर सुटला. नवऱ्याने त्या वळणांचे फोटो मोठे करून पाहिले, आणि उन्हाळ्यात वर बस जाते ही माहिती त्याने इतर कुठल्याही माहितीपेक्षा लवकर शोधून काढली. सामान त्याच्याकडे.

तुम्हाला जायचं असेल तर दोन गोष्टी सांगते. हा घाट साधारण मेच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच उघडा असतो, एरवी बर्फ. आणि बुलेटचा सायलेन्सर बदलून फटफट करायची हौस असेल तर ती इथेच भागवून जा : टिरोलमधल्या काही रस्त्यांवर २०२० पासून ९५ डेसिबलपेक्षा जास्त आवाजाच्या मोटारसायकलींना उन्हाळ्यात बंदी आहे.