थांबलेल्या वेळेचा हिशेब

रा. रा. स्ट्राव्हासाहेब,
मु. पो. सॅन फ्रान्सिस्को
यांसी सा. न. वि. वि.

आपला जन्म 2009 चा आणि स्वीडिश भाषेत आपल्या नावाचा अर्थ 'धडपडणे', हे कळल्यावर आपल्याविषयीचा आदर दुणावला. खान्देशात धडपडीला तोटा कधीच नव्हता. तिचा ताशी वेग कोणी काढत नव्हते, एवढीच उणीव होती. ती आपण भरून काढलीत. आता मेहरूण तलावाला फेऱ्या मारणारा जळगावकर असो की नकाणे तलावाकडे निघालेला धुळेकर, त्याची फेरी आधी खिशातल्या फोनवर, आपल्या अ‍ॅपमध्ये सुरू होते, मग रस्त्यावर.

आपल्या अचूकपणाबद्दल तक्रार करण्याची आमची प्राज्ञा नाही. तक्रार आहे ती एका वजाबाकीबद्दल. चाक थांबले की आपण तो वेळ बाजूला काढता, उरलेल्याला 'मूव्हिंग टाइम' म्हणता आणि सरासरी वेग त्याच्यावरून काढता. एकूण वेळही आपण लिहून ठेवता, नाही असे नाही. पण मिरवायला बाहेर पडते ती सरासरी. हिवाळ्यात जळगावहून भुसावळमार्गे तापी ओलांडून कोणी भरिताच्या वांग्यांच्या बामणोदकडे गेला, तर तिकडे काय होते? कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात, साल काढून लाकडी बडगीत ठेचली जातात, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात पडते, सोबत कळण्याची भाकरी येते. ज्या तासासाठी माणूस घराबाहेर पडला, नेमका तोच तास आपल्या सरासरीच्या लेखी घडलेला नसतो. पारोळ्याच्या टपरीवर कोणी अहिराणीत 'कथा चालना भो?' (कुठे निघालास, भाऊ?) म्हणून विचारले, तर तेही वजा.

आता गंमत पाहा. सेगमेंट नावाचा जो ठरावीक टप्पा आपल्याकडे आखलेला असतो, तिथे मात्र आपले घड्याळ थांबत नाही. मेंढ्यांचा कळप आडवा आला, रेल्वेचे फाटक लागले, की ती मिनिटे सायकलवाल्याच्या बोकांडी. म्हणजे सरासरीत थांबणे शून्य आणि सेगमेंटमध्ये थांबणे गुन्हा; थांबण्याला किंमत कुठेच नाही. वर पहिल्या येणाऱ्याला 'किंग ऑफ द माउंटन'चा मुकुट. 2010 मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीजवळच्या उतारावर, असा हातचा गेलेला मुकुट परत मिळवताना एक सायकलस्वार प्राणास मुकला. 2012 मध्ये त्याच्या कुटुंबाने आपल्यावर दावा लावला, पुढच्या वर्षी न्यायालयाने तो फेटाळला. कायद्याने ते बरोबरच असेल. पॅडलवर पाय त्याचेच होते. पण लळिंगच्या घाटात मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या ट्रकांच्या रांगेशेजारून चार सेकंद वाचवावेत, ही बुद्धी सायकलवाल्याला आपसूक झाली असती का?

आपले वकील म्हणतील की याच आकड्यांनी आळशी माणसे अंथरुणातून उठवली, साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवायला हात दिला, गंजत पडलेल्या सायकली बाहेर काढल्या. मान्य, अगदी मनापासून मान्य. नोंदीची किंमत आम्हाला निराळी सांगायला नको. आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंच्या ओव्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, कागदावर उतरवल्या, म्हणून तर 1952 साली त्यांचे पुस्तक निघू शकले. पण सोपानदेवांनी ओव्या उतरवल्या, मिनिटाला किती दळण पडले ते नव्हे. काय टिपायचे हे आधी ठरते, मग त्याच मापाने माणूस वागू लागतो. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना आणि वारा तोंडावर असताना कोणी एरंडोल गाठले, तर आपण सरासरी घसरल्याचे दाखवता. पॉवर मीटर नसेल तर शक्तीचा आपला अंदाज वारा जमेस धरत नाही. मग तो बिचारा पुढच्या वेळी वारा पाठीवर असेल तेव्हाच निघतो.

'मोजायचे तर असेच मोजावे लागते', हाही युक्तिवाद टिकत नाही. 1904 साली स्थापन झालेल्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँच्या ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या आज महाराष्ट्रातही होतात. 200 किलोमीटरना साडेतेरा तास. चहा, पंक्चर, झाडाखालची डुलकी, सगळे त्यातच. घड्याळ कोणासाठी थांबत नाही. आणि पहिला-दुसरा क्रमांक लावतच नाहीत. मुदतीत आलेले सगळे सारखे. तिथेही मोजणी आहेच, काटेकोर आहे, पण थांबलेला माणूस तिच्यातून बाद होत नाही.

तेव्हा मागणे एकच. फेरी संपल्यावर जो मोठ्या अक्षरांतला आकडा येतो, त्याच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत 'थांबलेला वेळ' असा रकाना द्यावा. त्याला मुकुट नको, सेगमेंट नको. या पत्राला आपल्याकडच्या शाबासकीचे 'कुडोस' न दिले तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सरासरी बिघडवणारा एक खान्देशी