पाच व्होल्टांचे अव्वल कारकून

पुण्याच्या ज्या गृहरचना संस्थेत संगणक-अभियंते दर मजल्यास किमान दोन या प्रमाणात वास्तव्य करून असतात, त्याच संस्थेत एखाद्याच्या घरचा संगणक मुका झाला म्हणजे त्याचे झाकण उघडण्यासाठी कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या एका वयोवृद्ध गृहस्थास पाचारण करावे लागते, ही वस्तुस्थिती प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटली तरी तिची उपपत्ती सोपी आहे. अभियंत्यांचा व्यवहार यंत्राच्या आत्म्याशी असतो. त्याच्या देहाला स्पर्श करणे त्यांना काहीसे कमीपणाचे वाटते, आणि खरे सांगायचे तर त्या देहाचे स्क्रू कोणत्या बाजूस आहेत हेही त्यांतील बहुतेकांस ठाऊक नसते. त्यामुळे टेबलाखाली उभा असलेला तो पत्र्याचा डबा नि:शब्द झाला की दुसऱ्याच क्षणी कोणीतरी जिना उतरू लागते. या गृहस्थास निरनिराळ्या वसाहतींत नाना, तात्या, काका अशी निरनिराळी नावे असतात. आपण त्यांस अण्णा म्हणू.

अण्णा मोकळ्या हाताने कधीही येत नाहीत. त्यांच्या रेग्झिनच्या पिशवीत टेस्टर, फुलीच्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर, सेवानिवृत्त झालेला एक टूथब्रश आणि रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात घासण्यासाठी राखलेले खोडरबर असा सरंजाम असतो. पण या सर्वांहून महत्त्वाची वस्तू म्हणजे लांबट आकाराची, कापडी बांधणीची वही. यंत्राकडे ढुंकूनही न पाहता अण्णा प्रथम ही वही उघडतात, तारीख घालतात, अर्जदाराचे नाव आणि तक्रारीचा मजकूर नोंदवतात, आणि मगच जबानीस सुरुवात होते.

“शेवटचा चालू केव्हा होता?”

“काल रात्री, अण्णा.”

“त्यानंतर कोणी काय केलं?”

“काही नाही हो! कोणी हातसुद्धा लावला नाही.”

या उत्तरावर अण्णा किंचित हसतात. ज्या प्रकरणात कोणीच काही केलेले नसते ते प्रकरण सर्वांत जाड होते, हा सातबाराच्या उताऱ्यांत उभी हयात घालवलेल्या माणसाचा अनुभव आहे, आणि तो विद्युत्प्रवाहासही जसाच्या तसा लागू पडतो अशी त्यांची दृढ श्रद्धा आहे.

पुढील तहकीकात भिंतीपासून सुरू होते. भिंतीतील सॉकेटमध्ये वीज आहे काय, तीन पायांच्या प्लगचा भुईचा जाड पाय कोणी दोन पायांच्या अडॅप्टरसाठी बळी दिला आहे काय, संगणकाच्या पाठीवरचे छोटे काळे बटण झाडलोट करताना केरसुणीने खाली दाबले गेले आहे काय, असे प्रश्न इतक्या गांभीर्याने विचारले जातात की ज्याच्या घरी ते बटण खरोखरच बंद निघते त्या यजमानास आपण फौजदारी गुन्ह्यात सापडल्याचा भास व्हावा. कित्येक प्रकरणे येथेच निकालात निघतात. “अण्णा, डब्याला हात लावला की मुंग्या येतात,” अशी तक्रार एखाद्या वहिनींनी केली, तर अण्णांना मनापासून आनंद होतो. कारण मग वीजपुरवठ्याच्या तोंडाशी बसवलेले गाळणीचे कपॅसिटर डब्याच्या पत्र्यावर थोडासा प्रवाह सोडतच असतात, भुईची तार शाबूत असेल तर तो निमूटपणे जमिनीत जातो आणि नसेल तर वहिनींच्या बोटांत, हे समजावून सांगण्याची संधी त्यांस मिळते. वहिनींचे लक्ष या वेळी बहुधा गॅसवरच्या दुधाकडे असते.

संगणकाला वीज पुरवणारी जी पेटी असते तिला तपकीर गल्लीतील दुकानदारांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वजण एसएमपीएस म्हणतात, आणि अण्णांच्या दृष्टीने सगळ्या संगणकीय दुष्कृत्यांचा पहिला संशयित हीच पेटी होय. भिंतीतले २३० व्होल्ट घेऊन त्यांचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट असे वाटप करणाऱ्या या पेटीस ते ‘खजिना’ म्हणतात. खजिन्याची तपासणी करण्याची त्यांची पद्धत प्रेक्षणीय असते. मदरबोर्डात खुपसलेला २४ टाचण्यांचा जाड जोड ते उपसून काढतात, त्यातील हिरवी तार आणि कोणतीही एक काळी तार यांना तारेच्या तुकड्याने भेटवतात, आणि पंखा फिरू लागला की भोवती जमलेली मंडळी टाळ्या वाजवण्याच्या बेतात येतात. अण्णा मात्र हात वर करून त्यांना थांबवतात. पंखा फिरणे हा पुरावा नव्हे. खजिना उघडा आहे एवढाच त्याचा अर्थ, आत शिल्लक किती हे मोजल्यावाचून कळत नाही. मग काम चालू असताना पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि तांबड्या तारेवर ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान आकडा येतो की नाही, हे मल्टिमीटरवर पाहिले जाते. पेटीचे स्वतःचे झाकण मात्र अण्णा कधीही उघडत नाहीत, कोणास उघडू देत नाहीत. कारण प्लग काढल्यावरही तिच्या पोटातील कपॅसिटरांत ३०० व्होल्टांहून अधिक दाब काही काळ दबा धरून बसलेला असू शकतो. एरवी कोणाच्याही अधिकाराचा मुलाहिजा न ठेवणारे अण्णा या एका ठिकाणी अदबीने वागतात.

जुन्या पेट्यांच्या पाठीवर ११५ आणि २३० असे दोन आकडे दाखवणारा एक तांबडा खटका असे. तो ११५ वर सरकवून यंत्र चालू केले असता जो धमाका होतो, त्याचे वर्णन अण्णा दिवाळीच्या सुमारास लहान मुलांना हटकून ऐकवतात. नवी पेटी घ्यावयाची झाल्यास ते दुकानात जाऊन प्रथम ती हातात तोलून पाहतात. लेबलावर ४५० वॅट छापलेले असो की आणखी काही, आत पुरेसे तांबे आणि लोखंड नसेल तर तो आकडा शोभेचा, असे त्यांचे मत आहे. आणि स्वस्त पेट्यांच्या बाबतीत ते मला तरी सर्वस्वी मान्य आहे.

परंतु अण्णांची खरी प्रज्ञा प्रकट होते ती यूएसबीच्या दाव्यांत. पेनड्राइव्ह दिसत नाही, प्रिंटर मध्येच गायब होतो, बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क टकटक आवाज करून पुन्हा निपचित पडते, अशा तक्रारी आल्या की घरातला तरुण भाचा ‘ड्रायव्हर’ म्हणतो, शेजारी ‘व्हायरस’ म्हणतात, आणि अण्णा म्हणतात, “त्याला जेवायला मिळतंय का, ते आधी बघा.” जुन्या यूएसबी जागेतून अर्धा अँपिअर, निळ्या जिभेच्या नव्या जागेतून ०.९ अँपिअर, एवढाच काय तो शिधा. त्यातच ज्या हार्ड डिस्कला चक्र फिरवण्यासाठी आरंभी अधिक प्रवाह लागतो, तिला डब्याच्या पुढच्या तोंडाशी, बारीक व लांब तारेच्या टोकाला बसवणे हा अण्णांच्या लेखी अन्याय आहे. ती मागच्या बाजूस, थेट मदरबोर्डावरील जागेत लावली की बहुतेक वेळा निमूटपणे कामास लागते. संगणक बंद केल्यावरही रात्री माउसचा तांबडा दिवा का जळतो, या भुताटकीचाही उलगडा त्यांच्यापाशी आहे: जांभळ्या तारेवरचे ५ व्होल्ट बंद यंत्रातही जागेच असतात. १९९६ साली अवतरलेल्या या यूएसबीच्या घडणीत अग्रभागी असलेले इंटेलचे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर आहेत, ही गोष्ट ते दर खेपेस सांगतात, आणि ती सांगताना गायकवाड सरकारने ही विद्या जणू अण्णांच्या सल्ल्यानेच सुरू केली असावी असा त्यांचा आविर्भाव असतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचे प्रकरण मात्र त्यांच्या वहीत चार पाने व्यापून आहे. यंत्र सुरू होई, पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर काही इंग्रजी मजकूर उमटे आणि १५ सेकंदांत सर्व अंधार. दुकानदाराने फोनवरूनच मदरबोर्ड गेल्याचे जाहीर केले होते. अण्णांनी आपल्या घरची एसएमपीएस आणून लावली. फरक पडला नाही, तेव्हा खजिना निर्दोष सुटला. मागची सर्व उपकरणे काढली, तरी तेच. तो मजकूर मात्र अण्णांनी वहीत अक्षरशः उतरवून घेतला होता, आणि कोणीतरी यूएसबीतून हक्काहून अधिक प्रवाह ओढत असल्याची ती सूचना होती. ओढणारे तर कोणीच जोडलेले नव्हते! दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी जिन्यावरूनच हर्षाने हाक दिली, “अण्णा, आपोआप सुरू झाला हो!”

अण्णांचा चेहरा उतरला. आपोआप या शब्दाइतका त्यांचा अपमान दुसरा कोणताही शब्द करू शकत नाही. ज्या दप्तरात कारणाचा रकाना कोरा, ते दप्तर बंद होऊ शकत नाही, आणि यंत्र चालते किंवा नाही हा त्यांच्या मते त्यापुढे दुय्यम प्रश्न आहे. ते वर गेले, उत्तम चालणारा तो संगणक वहिनींच्या विनवण्या न जुमानता त्यांनी बंद केला, आणि डबा इकडेतिकडे हलवीत, पुन्हापुन्हा चालू करीत, अखेर त्यांनी तो मूळच्या रोगावर आणला. त्या वेळी त्यांच्या मुद्रेवर जे समाधान विलसत होते ते पाहून वहिनींनी काय म्हटले, ते वहीत नाही. मग बॅटरीच्या प्रकाशात पुढच्या यूएसबी जागेत डोकावले असता दिसले की, तेथील जीभ वाकली असून तिची टोके बाहेरच्या धातूच्या कडीस टेकत आहेत: ५ व्होल्ट सरळ जमिनीत, आणि मदरबोर्ड बिचारा स्वतःचा जीव वाचवण्यासाठी दर वेळी दार लावून घेत होता. आदल्या रात्री केर काढताना डबा हलला, टोक सुटले, आणि तेच ते ‘आपोआप’. पुढच्या जागांकडे जाणारा नऊ टाचण्यांचा जोड अण्णांनी मदरबोर्डावरून उपसताच यंत्र अखंड चालू लागले. नातवाने पेनड्राइव्ह उलटा खुपसून वर दाबल्याची कबुली चॉकलेटच्या मोबदल्यात मिळाली, तीही नोंदवली गेली.

अण्णा पैसे घेत नाहीत. घेतात तो वेळ. यंत्र दुरुस्त झाल्यावर धूळ झाडणे, तारा वळून बांधणे, निकामी जागेवर चिकटपट्टीचे सील लावणे आणि निकालपत्र मोठ्याने वाचून दाखवणे यांत संध्याकाळ सरते, आणि तोवर संगणकावर ज्यास काम करावयाचे होते तो झोपी गेलेला असतो. तरीही न बिघडलेला मदरबोर्ड बदलून देणाऱ्या दुकानदारापेक्षा हा खर्च कमीच पडतो. सबब, वाचकांस एवढीच विनंती की, अण्णांना निरोप धाडल्यानंतर आपला संगणक स्वतःहून सुरू झालाच, तर कोणास न सांगता तो तत्काळ बंद करून ठेवावा.