एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी कलम 63

जून 2022 मध्ये सांगोल्याच्या शहाजीबापू पाटलांनी गुवाहाटीहून फोनवर ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ म्हटलं आणि नाणेघाटाखालच्या आम्हा वैशाखरेकरांना आमची उणीव कळली. झाडी आमच्याकडे आहे. डोंगार तर असा, की नानाचा अंगठा हा कडा परवानगी देईल तेव्हाच सकाळचं ऊन गावात उतरतं. नव्हतं ते हाटील. शेजारच्या भाऊंनी मनावर घेतलं. हायवेलगतचा गोठा पाडून दोन खोल्या काढल्या, वर पत्रे टाकले, पुढे ‘रिसॉर्ट’ अशी पाटी लावली. पेंटरनं खाली पदरची ओळ घातली : ‘प्रवेशाचा हक्क राखून ठेवला आहे.’

आत घ्यायचा हक्क राखला, बाहेर काढायचा राखायचा राहिला. माळशेजचे धबधबे बघायला आलेले पाच जण शनिवारी खोलीत शिरले, ते सोमवार उजाडला तरी उठेनात. धबधब्यावर जिल्हाधिकाऱ्यांची बंदी होती, म्हणून त्यांनी तो खोलीतच चालू ठेवला होता. भाऊ माझ्या ओटीवर येऊन बसले.

“मास्तर, पावनं उठत नाय. कायद्यात काय हाय का?”

हाय की! सगळ्यात जुना 1867 चा सराय कायदा. त्यात सरायवाल्यानं पाणी स्वच्छ ठेवावं, दरपत्रक लावावं आणि चोरांना आत-बाहेर करता येईल अशा झाडांच्या फांद्या छाटाव्यात, असं लिहिलंय. भाऊंनी खोलीवर ओणवलेल्या आंब्याकडे आशेनं पाहिलं. “फांदी ठेवली तर पावनं तिकडनं जातील का?”

मग मी त्यांना 1882 च्या सुविधाधिकार अधिनियमाकडे नेलं. हॉटेलातला पाहुणा हा भाडेकरू नव्हे, तो लायसन्सी. त्याला राहायची नुसती मुभा असते, ती काढून घेता येते. मात्र कलम 63 म्हणतं, मुभा काढल्यावर निघायला आणि चीजवस्तू उचलायला वाजवी वेळ द्यायचा. आणि पैसे घेऊन मुदतीआधीच, त्याचा काही दोष नसताना हाकललं, तर कलम 64 प्रमाणे भरपाई द्यायची.

“यांची मुदत काल सरली. वाजवी म्हंजी किती?”

ते कायद्यानं सांगितलेलं नाही. आपल्या म्हणीनं सांगितलंय : एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. पण न्यायालयात म्हण दाखल करून घेत नाहीत.

शिवाय जात, धर्म, लिंग पाहून कुणाला हॉटेलात मज्जाव करता येत नाही, ते घटनेच्या 15 व्या अनुच्छेदातच आहे. भाऊंनी कानाला हात लावले. “जात कुठली इचारतो, मी बिल इचारतो.”

मोठ्या हॉटेलांचं बरं असतं. 10 जुलै 2019 ला कर्नाटकचे मंत्री डी. के. शिवकुमार आपल्या पक्षाच्या रुसलेल्या आमदारांना भेटायला पवईच्या रेनेसाँ हॉटेलवर आले. खोलीचं बुकिंग होतं. हॉटेलनं ‘काही तातडीच्या कारणानं’ ते रद्द केलं. मंत्री पावसात फाटकाबाहेर, आमदार वर खोलीत, मध्ये पोलिस आणि जमावबंदी. शेवटी पोलिसांनी मंत्र्यांनाच गाडीत घालून नेलं. पाहुणा आत यायच्या आधीच बाहेर काढायची ही विद्या भाऊंना फार आवडली, पण ती वापरायची वेळ शनिवारी टळून गेली होती. आणि 2015 मध्ये मढ बेटावर तर पोलिसांनी हॉटेलच्या बंद खोल्यांतून जोडप्यांना उठवून नेलं. गुन्हा काय, तर सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन, दंड बाराशे. खोलीला कडी घातली की ती सार्वजनिक होते, हे तेव्हा समजलं. इथं मात्र टोकावड्याहून पोलिस यायचे तर भाऊंनाच आधी विचारणार, रिसॉर्टचा परवाना कुठाय? म्हणून तो मार्ग भाऊंनी स्वतःहून वगळला.

खरं तर आमच्या डोक्यावर, नाणेघाटात, दोन हजार वर्षांचं विश्रामगृह आहे. सातवाहनांनी वाटसरूंसाठी लेणं खोदलं, पाण्याची टाकी खोदली, जकातीला दगडी रांजण ठेवला. तिथल्या राणी नागनिकेच्या लेखात दान केलेल्या गाई, हत्ती, कार्षापणांचा चोख हिशेब आहे; निघायची वेळ तेवढी कुठे कोरलेली नाही. परिणाम बघा. मागच्या भिंतीत राजघराण्याच्या मूर्ती होत्या, त्यांची आज पावलं उरलीत. पाहुणे दर रविवारी येतात.

“म्हंजी यजमानच गेला?” भाऊ उठले. जाता जाता म्हणाले, “मास्तर, भाडेकरूची लाइट तोडली तर?”

गुन्हा, मी म्हणालो. 1999 चा भाडे नियंत्रण कायदा, कलम 29.

“आन पावना भाडेकरू नाय.”

पंधरा मिनिटांनी पाहुण्यांच्या खोलीतलं गाणं मध्येच थांबलं.