बदामातल्या ‘एस’ यांस



लोहगडाच्या दरवाजापाशी आपला शिलालेख वाचला. पांढरा ऑइलपेंट, बाण घुसलेला बदाम, आत ‘एस’ आणि ‘पी’, खाली तारीख. अभ्यासकांवर केवढे उपकार! एरवी लेखाचा काळ ठरवताना बिचारे अक्षरांच्या वळणाशी झटत बसतात. रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन एवढ्या पायऱ्या चढलात, याचेही कौतुक. पाण्याची रिकामी बाटली तेवढी उतरताना जड झाली असावी.

आपल्या घराण्याचा मूळपुरुष जॉन स्मिथ. हा इंग्रज लष्करी अधिकारी १८१९ च्या एप्रिलमध्ये शिकारीच्या निमित्ताने अजिंठ्याला पोहोचला आणि दहाव्या लेण्यात बोधिसत्त्वाच्या चित्रावरच नाव-तारीख खरवडून मोकळा झाला. लेण्यात तेव्हा दगडमातीचा ढीग साचला होता, त्यावर तो उभा होता. म्हणून ते नाव आज आपल्या डोक्याच्या वर दिसते. दोनशे वर्षांत ते पुसता आलेले नाही. चित्र गिलाव्यावर काढलेले. ओरखडा घालवायचा तर उरलेसुरले चित्रही जायचे. स्मिथसाहेबांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की तिथे ‘भिंतीवर लिहू नये’ अशी पाटी नव्हती. आपल्या शेजारी होती. तिच्यावरही आपण ‘एस’ काढला आहे.

नाव कोरूच नये असे माझे म्हणणे नाही. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव आहेच. अट एवढीच, की आधी रायगड बांधावा लागतो.

आपला बदाम काढायला आता दुर्गसंवर्धनाची पोरे सुटीच्या दिवशी ब्रश घेऊन बसतील. दगडात मुरलेला रंग घासताना थोडा दगडही झिजतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटले, त्यांत लोहगड आहे. आपल्या बदामाचा उल्लेख राहून गेला, क्षमस्व.

सरकारने मात्र आपली दखल आधीच घेतली आहे. लोहगड केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा कलाकृतीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हींची सोय आहे. अडचण एकच: नुसत्या ‘एस’च्या नावे नोटीस निघत नाही. तरी कृपया पूर्ण नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावा. भिंतीवर नको.